केसांची साक्ष

केसाने गळा कापणे हा आपल्या भाषेतील एक जुना वाक्प्रचार आहे. विश्वास संपादन करून घात करणाऱ्या माणसाबद्दल आपण तो वापरतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून विज्ञानाने या केसालाच साक्षीदार म्हणून न्यायासनापुढे उभे केले. त्या साक्षीने पुष्कळदा सत्य उजेडात आणले. परंतु जेथे तिची उलटतपासणी झाली नाही, तेथे तिने निरपराध माणसांचा गळाही कापला. केसात विष किंवा औषध सापडले, एवढ्याने नेमके काय सिद्ध होते? या एका प्रश्नाभोवतीच या शास्त्राचा सारा इतिहास फिरत आला आहे, आणि त्या इतिहासाचा थोडक्यात परामर्श घ्यावा, एवढाच प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

प्रथम या साक्षीदाराची ओळख करून घेऊ. माणसाने एखादे औषध किंवा मादक द्रव्य घेतले, तर रक्तात त्याचा माग काही तास, फार तर एक-दोन दिवस लागतो. लघवीत तो बहुधा दोन-तीन दिवस टिकतो. त्यानंतर शरीर ते सारे धुऊन टाकते. केसाचे तसे नाही. केसाचे मूळ त्वचेखाली जिवंत असते आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून त्याचे पोषण होते. त्या वेळी रक्तात जे काही असेल, त्याचा अल्पसा अंश नव्याने तयार होणाऱ्या केसात अडकून बसतो. पुढे तो केस त्वचेबाहेर येतो तो निर्जीव धाग्याच्या रूपाने. त्यात रक्ताभिसरण नाही आणि मलविसर्जनही नाही. जे अडकले ते बराच काळ तेथेच राहते. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. तेव्हा टाळूलगतचे तीन सेंटिमीटर म्हणजे अजमासे गेल्या तीन महिन्यांचा रोजनामा. म्हणूनच नमुना घेताना तो डोक्याच्या मागील भागातून, टाळूच्या अगदी जवळून कापतात, मुळाकडची बाजू कोणती याची खूण करतात, आणि मग त्या बटीचे तुकडे करून प्रत्येकाचे वेगळे पृथक्करण करतात. रक्त आजची गोष्ट सांगते. केस मागील हंगामाची सांगतो.

ही कल्पना प्रथम सुचली ती मादक द्रव्यांच्या संबंधात नव्हे, तर सोमलाच्या संबंधात. एकोणिसाव्या शतकातील युरोपात सोमल हे विषप्रयोगाचे लोकप्रिय साधन होते. ते स्वस्त होते, त्याला सांगण्यासारखी चव नव्हती, आणि त्याने येणारे मरण पटकीच्या मरणासारखे दिसे. इ. स. १८३६ मध्ये वुलिच येथील जेम्स मार्श या रसायनशास्त्रज्ञाने सोमल ओळखण्याची आपली प्रसिद्ध रीत जाहीर केली. संशयित पदार्थात जस्त व आम्ल घालावयाचे, निघणारा वायू पेटवावयाचा, आणि ज्योतीवर थंड चिनी मातीचा तुकडा धरावयाचा. सोमल असेल तर त्यावर काळसर चकचकीत डाग उमटतो. पुढे १८४० मध्ये फ्रान्समधील लाफार्ज खटल्यात ऑर्फिला या विषशास्त्रज्ञाने याच रीतीच्या आधारे मृताच्या शरीरातील सोमल दाखवून दिला. त्याच्या दूरदृष्टीचे कौतुक करावयाचे ते एवढ्यासाठी, की सोमल नुसता सापडला म्हणजे झाले, असे त्याने मानले नाही. वापरलेल्या जस्तातच सोमल नव्हता ना, आम्लात नव्हता ना, दफनभूमीच्या मातीतून तो प्रेतात शिरला नसेल ना, हे प्रश्न त्याने स्वतःच उभे केले आणि स्मशानातील मातीचीही परीक्षा केली.

या पार्श्वभूमीवर १८५८ साली जर्मन न्यायवैद्यक कास्पर याच्या ग्रंथात एक हकीकत नमूद झालेली आढळते. अकरा वर्षांपूर्वी पुरलेले एक प्रेत उकरून काढण्यात आले, आणि होप्पे या रसायनशास्त्रज्ञाने त्याच्या केसांत सोमल असल्याचे दाखवून दिले. मांस मातीत मिसळते, रक्ताचा तर मागमूसही उरत नाही; परंतु अकरा वर्षांनंतरही केस बोलू शकतो, हे येथे दिसून आले. केसांच्या रासायनिक परीक्षेच्या इतिहासाचा आरंभ येथून मानण्याची प्रथा आहे.

परंतु जो साक्षीदार अकरा वर्षे मातीत पडून राहिला, त्याला ती माती काही शिकवून गेली नसेल कशावरून? ऑर्फिलाचा हा जुना प्रश्न शंभर वर्षांनी मोठ्या नाट्यमय रीतीने पुन्हा पुढे आला. फ्रान्समधील लूदँ या लहानशा गावात मारी बेनार नावाची एक विधवा राहत असे. १९४९ मध्ये तिला अटक झाली. आपल्या पतीसह डझनभर नातलग व परिचित यांना तिने सोमल घालून मारले, असा तिच्यावर आरोप होता. प्रेते उकरण्यात आली, अवयव आणि केस तपासण्यात आले, त्यांत सोमल सापडला. आता उरले काय, असेच सर्वांना वाटले. परंतु १९५२ च्या पहिल्या खटल्यातच बचावाच्या वकिलांनी तज्ज्ञांच्या साक्षीचे वाभाडे काढले. नमुन्यांची नोंद नीट ठेवलेली नव्हती. कोणत्या बरणीत कोणाचे अवशेष, याचाच घोटाळा होता. १९५४ साली दुसरा खटला झाला, तोही निर्णयावाचून थांबला. पुढे बचाव पक्षाच्या शास्त्रज्ञांनी मूळ मुद्द्यालाच हात घातला. दफनभूमीच्या मातीतला सोमल सूक्ष्म जंतूंच्या क्रियेने विरघळून पाण्यावाटे प्रेताच्या केसांपर्यंत पोहोचू शकतो, असे त्यांचे म्हणणे होते. १२ डिसेंबर १९६१ रोजी, अटकेनंतर बारा वर्षांनी, मारी बेनारची निर्दोष मुक्तता झाली. ती खरोखर निरपराध होती की नाही, याची चर्चा फ्रान्समध्ये नंतरही चालू राहिली. तथापि न्यायाच्या दृष्टीने एक गोष्ट ठरून गेली: केसातला सोमल बाहेरून आला असण्याची शक्यता जोवर दूर होत नाही, तोवर त्याच्या आधारे कोणाचे शिर मागता येत नाही.

योगायोग असा, की त्याच १९६१ मध्ये केसांची परीक्षा जगभर गाजली ती एका सम्राटामुळे. नेपोलियन ५ मे १८२१ रोजी सेंट हेलेना बेटावर कैदेत वारला. त्याच्या मृत्यूनंतर कापून ठेवलेले केस स्वीडनमधील दंतवैद्य स्टेन फोर्शुफवुड याने मिळविले, आणि ग्लासगो येथील हॅमिल्टन स्मिथ यांनी नव्या अणुयुगाच्या साधनाने त्यांची परीक्षा केली. अणुभट्टीत केसावर न्यूट्रॉनांचा मारा केला, की त्यातील सोमल किरणोत्सर्गी बनतो आणि आपले प्रमाण स्वतःच सांगू लागतो. सोमल अपेक्षेहून कितीतरी अधिक निघाला. मग काय, सम्राटाला हळूहळू विष घालून मारले, या कल्पनेने अनेक ग्रंथ जन्माला आले.

या प्रकरणाचा खरा निकाल लागला तो २००८ साली, आणि तोही अत्यंत साध्या युक्तीने. इटलीतील शास्त्रज्ञांनी नेपोलियनचे केवळ अखेरचे केस तपासले नाहीत. कोर्सिकातील त्याच्या बालपणाचे, एल्बा बेटावरील वास्तव्यातले, त्याच्या मुलाचे आणि सम्राज्ञी जोसेफिनचेही केस तपासले. त्यांच्या शेजारी आजच्या काळातील माणसांचे केस ठेवले. तेव्हा आढळले ते असे, की त्या काळच्या साऱ्यांच्याच केसांत आजच्या मानाने सुमारे शंभर पट सोमल होता. बाळ नेपोलियनच्या आणि मरणोन्मुख नेपोलियनच्या केसांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. त्या काळी रंगांत सोमल होता, औषधांत सोमल होता, घरोघर सोमल होता. सम्राटाच्या केसाने सम्राटाच्या मारेकऱ्याविषयी नव्हे, तर सम्राटाच्या युगाविषयी साक्ष दिली होती. एका माणसाचा केस तोलावयाचा तर शेजाऱ्यापाजाऱ्यांचे केसही तराजूत घालावे लागतात, हा या प्रकरणाचा धडा.

तिसरी मर्यादा एका उत्तर ध्रुवाच्या प्रवाशाने दाखवून दिली. अमेरिकन संशोधक चार्ल्स फ्रान्सिस हॉल १८७१ मध्ये ग्रीनलंडच्या उत्तरेस, जहाजावर कॉफीचा पेला घेतल्यानंतर आजारी पडला आणि दोन आठवड्यांनी वारला. आपल्याला विष घातले जात आहे, असे तो शेवटपर्यंत म्हणत होता. चौकशीत मृत्यू नैसर्गिक ठरला. १९६८ मध्ये चॉन्सी लूमिस या त्याच्या चरित्रकाराने ती बर्फातली कबर उघडली. थंडीमुळे प्रेत टिकून होते. केस व नखे यांची परीक्षा केली असता, आयुष्याच्या अखेरच्या दोन आठवड्यांत हॉलच्या शरीरात पुष्कळ सोमल गेला होता, असे दिसून आले. काय गेले ते कळले, केव्हा गेले तेही कळले. पण कोणी दिले? सहकाऱ्याने, की त्या काळच्या रिवाजाप्रमाणे औषध म्हणून हॉलने स्वतःच घेतले? यावर केस मूक राहिला, कारण हाताचा ठसा त्याच्यावर उमटत नाही.

येथवर आपण धातुरूप विषाविषयी बोललो. औषधे व मादक द्रव्ये ही वेगळी जात. ती सेंद्रिय, त्यांचे प्रमाण अत्यल्प, आणि ती लवकर विघटन पावणारी. त्यांचाही अंश केसात उतरतो, हे १९५४ मध्ये अमेरिकेत गिनीपिगांवरील प्रयोगांत बार्बिट्युरेट या झोपेच्या औषधांच्या बाबतीत आढळून आले होते. परंतु माणसाच्या बाबतीत ते दाखवावयास साधन नव्हते. ते साधन दिले रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी. रक्तातील इन्सुलिन मोजण्यासाठी शोधलेली त्यांची किरणोत्सर्गी प्रतिद्रव्यांची पद्धत इतकी सूक्ष्म होती, की तिच्यासाठी यॅलो यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९७९ मध्ये वेर्नर बाउमगार्टनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच पद्धत हेरॉइन घेणाऱ्यांच्या केसांना लावली आणि त्यांत अफूजन्य द्रव्ये दाखवून दिली. इतकेच नव्हे, तर केसाच्या लांबीवर त्यांचे प्रमाण जेथे बदलते, ते व्यसनाच्या काळाशी जुळते, हेही त्यांना आढळले. पुढील दशकांत द्रव्ये वेगळी करून त्यांच्या कणांचे वस्तुमान मोजणारी यंत्रे आली. आज एक मिलिग्रॅम केसातील पिकोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमच्या अब्जांशाचाही हजारावा भाग, ती मोजू शकतात.

या रोजनाम्याची शक्ती किती, याचे एक हृदयद्रावक उदाहरण देतो. १९९९ मध्ये अर्जेंटिनातील युयायाको या ज्वालामुखीच्या शिखराजवळ, सहा हजार सातशे मीटरांहून अधिक उंचीवर, इंका लोकांनी सुमारे पाचशे वर्षांपूर्वी बळी दिलेली तीन मुले गोठलेल्या स्थितीत सापडली. त्यांतील तेरा वर्षांच्या मुलीच्या लांब वेण्यांचे तुकड्यातुकड्याने पृथक्करण करून शास्त्रज्ञांनी २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. मृत्यूच्या सुमारे वर्षभर आधीपासून तिला कोकाची पाने वाढत्या प्रमाणात दिली जात होती; अखेरच्या काही आठवड्यांत मद्याचे प्रमाण सर्वाधिक होते. ज्या समाजाला लेखनकला अवगत नव्हती, त्याच्या एका धार्मिक विधीची वर्षभराची तयारी एका मुलीच्या वेणीने लिहून ठेवली होती. याच्या उलट, १९९२ मध्ये म्यूनिक येथे इजिप्तमधील ममींच्या केसांत कोकेन आणि निकोटिन सापडल्याचे जाहीर झाले, तेव्हा मोठा वाद माजला. कोका आणि तंबाखू या अमेरिका खंडातील वनस्पती. त्या फाराओंच्या देशात कोठून येणार? बहुतेक विद्वानांनी विचारलेला प्रश्न तोच होता, जो ऑर्फिलाने विचारला होता: हे आतून आले, की बाहेरून लागले?

जिवंत माणसाच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिकच बिकट. कोकेनची भुकटी हाताला लागून केसात जाते, गांजाचा धूर केसावर बसतो, दुसऱ्याच्या घामातूनही द्रव्य येते. म्हणून प्रयोगशाळांनी काही नियम घालून घेतले. प्रथम केस धुवावयाचे. मूळ द्रव्याबरोबरच, ते द्रव्य शरीरात पचताना तयार होणारी रूपे शोधावयाची. प्राथमिक चाचणीत दोष दिसला, तर निराळ्या व अधिक काटेकोर पद्धतीने तो पडताळून पाहावयाचा. आणि ठराविक मर्यादेखालील प्रमाण पुरावा म्हणून धरावयाचे नाही. कोकेनच्या बाबतीत ही मर्यादा एक मिलिग्रॅम केसाला अर्धा नॅनोग्रॅम अशी आहे. १९९५ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे केसपरीक्षेच्या शास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली, ती अशाच नियमांना सर्वमान्यता मिळावी म्हणून. तथापि नियमही अंतिम नसतात. गांजाचे जे रूप केवळ शरीरातच तयार होते, ते केसात सापडले म्हणजे सेवन सिद्ध झाले, असे मानले जाई. २०१५ मध्ये जर्मनीतील फ्रायबुर्गच्या संशोधकांनी दाखवून दिले, की सेवन करणाऱ्याच्या स्पर्शातून तेही दुसऱ्याच्या केसात उतरू शकते. म्हणजे बापाच्या हाताने मुलाच्या डोक्यावरून फिरून मुलालाच आरोपी करावे, असा प्रकार!

आणखी एक गोष्ट. केसाला काळा रंग देणारे द्रव्य कोकेनसारख्या पदार्थांना धरून ठेवते. एकाच माणसाच्या डोक्यातील पांढऱ्या केसापेक्षा काळ्या केसात औषध अधिक सापडते, हे प्रयोगांनी दिसले आहे. तेव्हा सारखेच द्रव्य शरीरात गेले तरी सर्वांचे केस सारखे बोलत नाहीत. अमेरिकेतील बॉस्टन शहरात १९९९ पासून पोलिसांची केसपरीक्षा सुरू झाली. काही कृष्णवर्णीय पोलीस त्यात दोषी ठरून नोकरीस मुकले. २००५ मध्ये ते न्यायालयात गेले. २०१३ मध्ये राज्याच्या नोकरी आयोगाने सहा जणांना परत घेण्याचा हुकूम दिला. केवळ केसाच्या आधारे बडतर्फी योग्य नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता.

परंतु या शास्त्राच्या इतिहासातील सर्वांत दुःखद प्रकरण घडले ते कॅनडात. टोरँटो येथील मुलांच्या एका नामांकित रुग्णालयात मदरिस्क नावाची प्रयोगशाळा होती. आईबाप मद्य किंवा मादक द्रव्ये घेतात की काय, हे ठरविण्यासाठी बालसंरक्षण संस्था त्यांचे केस तेथे पाठवीत, आणि त्या अहवालांवरून मुले आईबापांजवळ ठेवावयाची की काढून घ्यावयाची, याचे निर्णय होत. २०१४ मध्ये ऑन्टॅरिओच्या अपील न्यायालयाने एका स्त्रीला कोकेनसंबंधी झालेली शिक्षा रद्द केली, तेव्हा या अहवालांविषयी शंका उत्पन्न झाली. निवृत्त न्यायाधीश सुसान लँग यांनी चौकशी केली. त्यांच्या २०१५ च्या अहवालाने जे बाहेर आले, ते थक्क करणारे होते. ही प्रयोगशाळा न्यायवैद्यकाच्या दर्जाची नव्हतीच. केस धुण्याचा नियम पाळला जात नसे. कित्येक वर्षे केवळ प्राथमिक चाचणीवर निकाल दिले गेले. पडताळणी होतच नव्हती. हे पुरावे बालसंरक्षणाच्या किंवा फौजदारी कामासाठी अपुरे व अविश्वसनीय होते, असा स्पष्ट निर्णय त्यांनी दिला. त्यानंतर न्यायाधीश ज्युडिथ बीमन यांच्या आयोगाने १२७१ प्रकरणे तपासली. २०१८ च्या अहवालात, त्यांपैकी ५६ प्रकरणांत या सदोष परीक्षेचा निकालावर मोठा परिणाम झाला होता, असे त्यांनी नमूद केले. मुले घरी परत आली ती अवघ्या चार प्रकरणांत. बाकीची दत्तक गेली होती, दुसऱ्यांना आई म्हणू लागली होती. कायदा चूक दुरुस्त करू शकतो. गेलेले बालपण परत आणू शकत नाही.

येथे दोष कोणाचा? केसाने खोटे सांगितले नव्हते. त्याला प्रश्नच नीट विचारले गेले नाहीत. मारी बेनारच्या बाजूने वकील उभे होते, शास्त्रज्ञ उभे होते, साऱ्या फ्रान्सचे लक्ष त्या खटल्याकडे होते. टोरँटोतील आया बहुतांशी गरीब होत्या. त्यांच्याजवळ प्रतिपक्षाचा तज्ज्ञ आणण्यास पैसा नव्हता, आणि एका मोठ्या रुग्णालयाच्या कागदापुढे त्यांचा शब्द टिकणारा नव्हता. १९५२ साली फ्रान्समध्ये जो प्रश्न निर्भयपणे विचारला गेला, तो पन्नास वर्षांनंतर कॅनडात कोणी विचारला नाही. विज्ञान पुढे गेले होते. उलटतपासणी मात्र मागे राहिली होती.

म्हणून ही परीक्षाच टाकून द्यावी, असे म्हणणे मात्र सर्वस्वी अन्यायाचे होईल. एखाद्या स्त्रीला पेयातून गुंगीचे औषध देऊन तिच्यावर अत्याचार होतो. ती शुद्धीवर येते, भयाने व लज्जेने काही दिवस गप्प राहते, आणि तक्रार करते तेव्हा रक्तात व लघवीत काहीच उरलेले नसते. अशा वेळी तिच्या बाजूने बोलणारा कोणी असेल, तर तो तिचा केस. सुमारे महिनाभर थांबून केस कापला, तर घटनेच्या काळात वाढलेल्या नेमक्या तुकड्यात एकाच मात्रेचा अंशही आजची यंत्रे पुष्कळदा शोधून काढतात. जिला कोणी साक्षीदार नाही, तिला निसर्गाने दिलेला हा साक्षीदार आपण गमावता कामा नये.

मात्र साक्षीदार म्हटला की त्याची उलटतपासणी आलीच. आतून की बाहेरून, इतरांच्या मानाने किती, केव्हा, आणि कोणाच्या हातून, हे चार प्रश्न ऑर्फिलापासून टोरँटोपर्यंतच्या इतिहासाने आपल्या हाती दिले आहेत. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे शास्त्रज्ञ बहुधा देऊ शकतो. चौथ्याचे उत्तर त्याच्या काचपात्रात नसते, ते न्यायासनाला अन्यत्र शोधावे लागते. आणि ज्याच्याविरुद्ध केस बोलत आहे त्याला, तो कितीही दरिद्री असो, हे चारही प्रश्न विचारण्याचा अधिकार आणि सामर्थ्य मिळाले पाहिजे. ते जेथे मिळते, तेथे केस न्यायाचा साहाय्यक ठरतो. जेथे मिळत नाही, तेथे आपला तो जुना वाक्प्रचार अक्षरशः खरा होतो.